अर्धं टेबल मावेल एवढं घर

हे वाचणाऱ्याने आधी चष्मा शोधावा. खिशात नसेल, पिशवीत नसेल, तर कपाळावर असेल; तिथेच असतो. सापडला? आता गॅसवर काही ठेवलं असशील तर बंद करून ये. नळ बघ. मग खुर्चीत बस, आणि का बसलास ते विसरायच्या आत वाचायला लाग.

थोरल्या, तुलाच सांगतेय.

मी, या कागदाच्या तळाशी डाव्या हाताचा अंगठा उमटवणारी, एका सुताराची बायको आणि आता विधवा, धंदा वेताच्या खुर्च्या विणण्याचा, वय कागदोपत्री सत्त्याहत्तर आणि खरं एकोणऐंशी, राहणार दुसरा मजला, जिन्यावरून डावीकडचं दार, असं लिहवून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, कान एक ठिकाणावर आहे, आणि हे मी कोणाच्याही दडपणाखाली सांगत नाही. माझ्यावर दडपण आणणारा एकच माणूस होता, त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. डोक्याची खात्री डॉक्टरांनी करून घेतली. म्हणाले, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटलं, "तुम्ही घरी आलात आणि घड्याळ बघत नाही आहात, म्हणजे रविवार." त्यांनी तसा दाखला दिला.

यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेलं नाही. तोंडी बरीच केली आहेत, बहुतेक भांडताना. "तुला एक चमचासुद्धा देणार नाही," असं ज्याला ज्याला म्हटलं असेल, ते सगळं या कागदाने रद्द.

लिहून घेतायत भिंतीपलीकडच्या घरातले कारकून. चाळीस वर्षं कचेरीत घालवली, त्यामुळे 'सबब' आणि 'उपरोक्त' हे शब्द त्यांना घामासारखे आपोआप येतात. मी सांगितलंय, जिथे अगदीच अडेल तिथे घाला, बाकी मी बोलते तसं उतरवा. मला अक्षर येत नाही, पण वाचून दाखवलं की कुठे बदललं ते कळतं. एकदा पकडलंय त्यांना.

मालमत्ता थोडी आहे. हा कागद खरं तर मालमत्तेसाठी नाहीच. माझी दोन मुलं, थोरला आणि लेक, सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि ते का बोलत नाहीत हे फक्त मला माहीत आहे. ते सांगायचं आहे. पण एकदम नाही सांगवत. आधी घर वाटते, मग हत्यारं वाटते, तोवर धीर येईल.

कलम पहिलं: जुनं घर

ते आता माझं नाही, म्हणून ते देता येत नाही. आभार मात्र मानता येतात. सात खोल्या, मागे कारखान्याची पडवी, वर माळा. तुझ्या वडिलांनी तीस वर्षांत एकेक खोली वाढवली. रिकामा वेळ मिळाला की लोक झोपतात, हा माणूस भिंत बांधायचा. त्या घराने आम्हा चौघांना सांभाळलं, दोन आजारपणं काढली, लेकीचं शिक्षण पाहिलं. त्या घराबद्दल वाईट बोलणाऱ्याला माझा पैसाअडका काही मिळू नये.

पण ते गेल्यावर सात खोल्यांत मी एकटी उरले, आणि मग नाकापेक्षा मोती जड झाला. छप्पर म्हणायचं मला बघ, भिंत म्हणायची मला बघ, कर भरायचा कागद यायचा तो वेगळाच. घर मला सांभाळत नव्हतं, मीच त्याची नर्स झाले होते. तरी विकलं नसतं. पण एका दुपारी मागच्या खोलीत पाय घसरून पडले. हाक मारली. ती सहा खोल्या फिरून माझ्याकडेच परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने दार वाजवलं आणि उत्तर नाही म्हणून खिडकीतून डोकावला, तेव्हा मला उचललं. त्याचे आभार. त्याला माझा पितळी मोठा तांब्या द्यावा. त्याच्या मापापेक्षा तांब्याचं माप खरं आहे, तेवढाच त्यालाही धडा.

तेव्हा मी ठरवलं: हाक मारली की भिंतीपलीकडच्या माणसाला ऐकू जाईल एवढंच घर घ्यायचं.

थोरल्या, तू फोनवर म्हणालास, "आई, बाबांचं घर विकतेस?" मी म्हटलं, "तुझ्या बाबांनी घर राहायला बांधलं, राखण करायला नाही." मग म्हणालास, "बरं. पण टेबल मी नेणार." ते टेबल पुढे येईल. कारकून, टेबल खाली कुठेतरी येणार आहे, जागा ठेवा.

कलम दुसरं: हे घर

दलालाने मला अकरा घरं दाखवली. मी बरोबर सुतळी घेऊन जात असे. मला आकडे लिहिता येत नाहीत, म्हणून आयुष्यभर सुतळीला गाठी मारून मापं ठेवली आहेत. खुर्चीची बैठक असो की दिवस असोत, माझ्या सुतळीवर सगळं असतं. कपाटाची एक सुतळी, खाटेची एक, टेबलाची एक. दलाल म्हणाला, "आजी, हा बघा ऐसपैस हॉल." मी खाटेची सुतळी धरली. म्हटलं, "अहो, यात खाट ठेवली तर मी हॉलबाहेर झोपायचं का?" दुसऱ्या ठिकाणी म्हणाला, "इथून टेकडी दिसते." मी म्हटलं, "टेकडी दिसते, पण शेजारी दिसत नाही. मला टेकडी उचलायला येणार आहे का?" बिचारा. रोज छत्री, पाण्याची बाटली आणि सहनशक्ती घेऊन यायचा. त्याचेही आभार.

बारावं घर त्याने दाखवलंच नाही. त्याच्या यादीत ते 'फारच लहान' होतं. अकरावं घर बघून उतरताना जिन्यात दम खायला बसले, तेव्हा एका उघड्या दारातून निवृत्त टायपिस्टबाई दिसल्या. वेताच्या खुर्चीवर उशी टाकून बसलेल्या. उशी कशासाठी ते मला लगेच कळलं. खुर्चीची बैठक फाटली होती. त्या म्हणाल्या, "आत या, पाणी घ्या." पाणी पिता पिता मी पाहिलं. दोन खोल्या. खाटेवरून हात लांबवला की खिडकी, पाय लांबवले की स्वयंपाकघर. भिंतीपलीकडे कोणीतरी खोकलं, ते स्पष्ट ऐकू आलं. मी विचारलं, "कोण खोकलं?" त्या म्हणाल्या, "कारकून आहेत. दिवसभर खोकतात, सवय होते." मी म्हटलं, "घर विकायचंय का?"

(कारकुनांनी इथे लेखणी थांबवली. मी म्हटलं, लिहा, खरं आहे ते.)

विकायचं होतं. त्या बहिणीकडे जाणार होत्या. किंमत सांगितली ती मला झेपण्यासारखी होती, पण जेमतेम. मी म्हटलं, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी वेत भिजवून घेऊन गेले आणि बोलणी चालू असताना त्यांची खुर्ची विणून दिली. खुर्ची अशी मोडकी बघवत नाही मला. बैठक पुरी होईपर्यंत बाईंनी किंमत दोनदा उतरवली. शेवटी मीच म्हटलं, "बाई, आता थांबा, नाहीतर मला पाठही विणावी लागेल."

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. मी म्हणते, अंथरूण लहान असलं की पाय गरम राहतात. सहा वर्षं या घराने मला एकदाही दमवलेलं नाही. झाडू मारायला घेतला की चहा उकळायच्या आत झाडून होतं. काही हरवलं तर दोनच ठिकाणी शोधायचं. विजेचं बिल बघून पहिल्यांदा मला वाटलं, माणूस मीटर वाचायला विसरला. दुपारी ऊन खिडकीतून आत येतं, खाटेवर माझ्याशेजारी लवंडतं आणि कोणाला काही न मागता निघून जातं. असा पाहुणा मला त्या मोठ्या घरात कधी मिळाला नाही.

सबब (हा कारकुनांचा, त्यांचा हट्ट म्हणून) हे घर, त्याच्या भिंती, खिडक्या, माळ्यावरची जागा आणि जिन्यातला हक्क यांसह माझ्या पश्चात पूर्ण मालकीने माझ्या लेकीचं. ती नर्स आहे, इस्पितळाने दिलेल्या खोलीत राहते, नोकरी संपेल तेव्हा ती खोलीही संपेल. थोरल्याला स्वतःचं घर आहे, बायको गुणी आहे, मुलगी कमावती आहे. त्याने यावर हरकत घेऊ नये. घेणारही नाही, मला माहीत आहे. त्याचं भांडण घराचं नव्हतंच कधी.

घराच्या तीन किल्ल्या आहेत. एक लेकीकडे, एक खालच्या शिंप्याकडे, तिसरी माझ्या उशाला सहा वर्षं पडून आहे. ती थोरल्याची. दार उघडायला तो अजून आलेला नाही. हरवेल म्हणून तिला लाल चिंधी बांधली आहे.

कलम तिसरं: खुर्ची

टायपिस्टबाई जाताना ती खुर्ची इथेच सोडून गेल्या. म्हणाल्या, "तुम्ही विणलीत, तुम्हीच बसा." माझ्यानंतर ती त्यांना परत द्यावी, बैठक तपासून. उशी देऊ नये. उशी टाकली तर मला समजेल.

कलम चौथं: हत्यारं

वेत सोलायचा चाकू, आरी, लाकडी खुंट्या आणि भिजवायचं घमेलं हे सगळं मुकादमाला. मुकादम म्हणजे माझं सामान या घरात वाहून आणणाऱ्या हमालांचा म्होरक्या. तीन वर्षांपूर्वी त्याची पाठ गेली. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "आजी, बसून करता येईल असं काही शिकवा." दर बुधवारी येतो. बोटं जाड आहेत, पण स्वभाव बारीक आहे. वेताला तेच लागतं. त्याची वीण माझ्यापेक्षा घट्ट येते, हे मी त्याला तोंडावर कधी सांगितलं नाही. आता कागदावर सांगते.

कलम पाचवं: धाकट्या जाऊबाई

हे घर पहिल्यांदा पाहून जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, हे घर आहे की कोंबड्यांचं खुराडं?" तेव्हापासून दर आठवड्याला त्या या खुराड्यात येतात, खिडकीजवळची जागा धरतात आणि अंधार पडायला लागल्याशिवाय उठत नाहीत. त्यांना माझी राखाडी शाल द्यावी, आणि त्या जिवंत आहेत तोवर खिडकीजवळची जागा द्यावी. लेकीने त्यांना चहा द्यावा. साखर कमी. तोंड आधीच गोड नाही, ते बिघडायचा प्रश्न नाही, पण साखरेचं दुखणं आहे. जाऊबाई, तुमच्याशिवाय मला करमलं नसतं. हे वाचून रडू नका, शाल ओली होते.

कलम सहावं: शिल्लक

बँकेच्या पुस्तकात जे असेल त्यातून जिन्याला वरपर्यंत कठडा बसवावा. पहिल्या मजल्यापर्यंतच आहे. गेल्या महिन्यात मी दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर मध्येच बसले आणि उठता येईना, तेव्हा हा कागद करायचं ठरवलं. उरेल ते दोन्ही मुलांना सारखं.

कारकून म्हणतात, झालं का? नाही. आता टेबल.

कलम सातवं: टेबल, आणि मी केलेली चूक

तुझ्या वडिलांनी ते टेबल जुन्या घराच्या पुढच्या खोलीत, जागच्या जागी बनवलं. बारा माणसं बसतील एवढं. एक खिळा नाही, सगळे लाकडी सांधे, पाय असे ठोकलेले की आता ते लाकूड एकच आहे. पॉलिश करून झालं, आम्ही सगळे भोवती उभे राहिलो, आणि तू, नऊ वर्षांचा, म्हणालास, "बाबा, हे दारातून बाहेर कसं जाणार?" त्यांनी दाराकडे पाहिलं. टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाहेर कशाला जाईल?" आयुष्यभर लोकांची दारं मापणारा सुतार स्वतःच्या घरचं दार मापायचं विसरला. तेव्हा विसरणं या घराण्यात तू आणलं नाहीस.

त्या टेबलावर तू अभ्यास केलास. वह्या तिथेच विसरून शाळेत गेलास. डबा विसरायचास, मी धावत घेऊन यायची. लेकीने तुझं नाव विसरोबा ठेवलं आणि ते सगळ्या गल्लीने उचललं. तुझ्या लग्नात तू अंगठी विसरलास, तेव्हा तुझे सासरेसुद्धा विसरोबा म्हणाले.

घर विकल्यावर तू फोन केलास. "आई, टेबलाला कुणी हात लावू नका. मी गाडी घेऊन येतो, बरोबर सुतार आणतो, दाराची चौकट काढू आणि अख्खं बाहेर घेऊ." मी म्हटलं, "तारीख मला सांगू नकोस, दिवस सांग." तू म्हणालास, "आजपासून नवव्या दिवशी." मी सुतळीला नऊ गाठी मारल्या आणि ती मनगटाला गुंडाळली. रोज सकाळी एक गाठ सोडायची.

गाठी संपल्या त्या सकाळी मुकादमाला बोलावलं. सामान गेलं. टेबल राहिलं. तुझी वाट पाहिली. लेक रजा घेऊन आली होती, तिने तुला फोन लावला. बंद. तुझी बायको म्हणाली, "ते तर निघालेत, वाटेत कुठे काम आहे म्हणाले, आणि चार्जर घरीच राहिलाय." आम्ही सगळे हसलो. दुपार टळली. मुकादम म्हणाला, "आजी, उद्या मला दुसरीकडे काम आहे. न्यायचं तर आत्ता."

घर रिकामं करून द्यायचा शब्द दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा होता. म्हणजे एक दिवस हातात होता. लेक म्हणाली, "आई, उद्यापर्यंत थांबू या ना. दादा येईल." मी म्हटलं, "तुझा दादा आणि लक्षात ठेवणार? माणूस बघून वाट बघावी."

हे माझे शब्द आहेत, लेकीचे नाहीत. रेघ मी मारली. करवत मी आणली. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तिला उभं केलं. ती रडत होती आणि ओढत होती. माझा दम संपला, तेव्हा मुकादमाने माझं टोक धरलं. खण असलेला अर्धा भाग या घरात आला. दुसरा अर्धा खालच्या शिंप्याच्या दुकानात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी इथे सामान लावत होते. लेक जुन्या घरात भुसा झाडायला गेली. आणि तू आलास. गाडी, सुतार, चौकट काढायचे पटाशी-हातोडे, खाली घालायला घोंगड्यासुद्धा घेऊन. काहीही न विसरता. तुला भुसा दिसला. तू विचारलंस, "कुणी कापलं?" तुझा चेहरा पाहून ती म्हणाली, "मी." मला वाचवायला म्हणाली. मग तिचाही तोल गेला, म्हणाली, "तू काल येणार होतास, दादा. विसरलास. नेहमीसारखा." तू म्हणालास, "मी आजचा दिवस सांगितला होता." ती हसली. तिला खरंच वाटत होतं की तू विसरलास. तू रिकामी गाडी घेऊन परत गेलास.

त्या संध्याकाळी मुकादम विसरलेला दोर न्यायला इथे आला. जाता जाता म्हणाला, "आजी, ही तुमची सुतळी. कपाट जिन्यातून बरोबर निघालं." त्या नऊ दिवसांत सामान बघायला येऊन त्याने जिन्याचं माप मागितलं होतं, तेव्हा माझ्याकडे दुसरी सुतळी नव्हती. मनगटावरचीच सोडून माप घेतलं, तुकडा कापून त्याला दिला. त्या तुकड्याच्या टोकाला एक गाठ होती.

नववी.

तू विसरला नव्हतास, थोरल्या. सगळ्या आयुष्यात ज्या एका दिवशी तू सगळं लक्षात ठेवलंस, त्याच दिवशी आम्ही तुला विसरोबा म्हटलं. दिवस मी हरवला होता.

मी तो तुकडा हातात धरून उभी होते आणि तुझा फोन आला. तू म्हणालास, "आई, तू सांग. मी कितवा दिवस म्हटलं होतं?" एवढंच विचारलंस. आणि मी म्हटलं, "जाऊ दे ना बाळा, झालं ते झालं."

भीती वाटली. तू लेकीशी बोलणं टाकलंस, पण मला दर रविवारी फोन करत राहिलास. वाटलं, खरं सांगितलं तर तोही बंद होईल. आणि लेकीला सांगितलं, तर ती जिना चढून येते तेही बंद होईल. म्हणून रविवारी तू, इतर दिवशी ती. मला दोघं होती. तुम्हाला मात्र एकमेकं नव्हती. लहान घरात राहून मी मोठी जागा अडवून बसले.

तेव्हा मी या कागदावर जाहीर करते: दिवस चुकवला मी. टेबल कापायचं ठरवलं मी. लेकीचा दोष एवढाच, की तिने आईचं ऐकलं आणि आईचं पाप स्वतःच्या पदरात घेतलं. थोरल्याचा दोष काहीच नाही. चार्जर सोडून.

कलम आठवं: टेबलाची वाटणी

खणाचा अर्धा भाग या घरात राहील, लेकीकडे. कापलेली कड भिंतीला लावली आहे. पाहुण्यांना दिसत नाही, मला रोज दिसते. दुसरा अर्धा थोरल्याचा. शिंपी त्यावर सहा वर्षं कापड बेततो आहे आणि भाडं म्हणून माझ्या सगळ्या चादरी दुमडून शिवून देतो. त्याला थोरल्याने त्याच मापाचं दुसरं टेबल करून द्यावं. हात वडिलांचा आहे, जमेल. वडिलांची हत्यारपेटी माझ्या खाटेखाली आहे, तीही त्याचीच. आणि दोन्ही अर्धे पुन्हा जोडू नयेत. जोडलेत तर परत कोणत्याच दारातून जाणार नाही. अर्ध्यावर चार जण जेवतात, मोजून बघितलंय. दोन घरं, दोन अर्धे, एकमेकांकडे जेवायला जावं.

खणात काय आहे तेही लिहा, कारकून. नववी गाठ असलेली सुतळी. तुझ्या वडिलांची पेन्सिल. तुझा लहानपणीचा चमचा, दांडा वाकलेला. खुर्चीची खुंटी उपटायला तू तो वापरला होतास.

कलम नववं: नाव

विसरोबा हे नाव मी थोरल्याकडून काढून घेते. आजपासून ते माझं. गल्लीला कळवावं. चष्मा सापडत नसला तरी माणसाला दुसरं नाव मिळण्याचा हक्क आहे.

आता सह्या. कारकून विचारतात, "आजी, पाकीट बंद करून ठेवतो. तुमच्या पश्चात उघडायचं, असंच ना?"

मी म्हटलं, थांबा. वेताची गाठ वेत ओला असतो तोवरच बसते. वाळल्यावर वळवायला गेलं की तुटतो. माझ्या पश्चात तू हे वाचशील, तर रागवशील कोणावर? राग यायला समोर माणूस लागतं. आणि माफ करायलाही.

म्हणून मूळ कागद कारकुनांकडे राहील. एक नक्कल आजच थोरल्याकडे जाईल. मी जिवंत आहे तोवरच.

वरचा सगळा मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. एका जागी 'पाप' हा शब्द बदलून 'प्रमाद' केला होता, तो परत 'पाप' करायला लावला. बाकी बरोबर आहे. या घरात मला झेपेल तेवढंच काम मिळालं, वेळेवर माणसं मिळाली, खिडकी मिळाली. ज्यांनी ज्यांनी दिलं, त्यांची मी ऋणी आहे.

ठिकाण: दुसरा मजला, डावीकडचं दार, अर्ध्या टेबलाशी.
तारीख: कारकुनांनी वर टाकली आहे. माझ्या हिशोबाने ऊन खाटेवरून उतरून जमिनीवर आलंय, म्हणजे दुपार.

डाव्या हाताचा अंगठा: उमटवला. शाई शालीला लागली. जाऊबाईंनी समजून घ्यावं.

साक्षीदार पहिला: तळमजल्यावरचा शिंपी. माझ्यासमक्ष अंगठा केला. टेबलाचं कलम ऐकून मला वाईट वाटलं, पण मान्य आहे. (सही)

साक्षीदार दुसरे: डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीत आहेत, माझ्यापेक्षा जास्त. (सही)

लेखनिक: भिंतीपलीकडच्या घरातले कारकून. खोकल्याचा उल्लेख माझ्या संमतीने ठेवला आहे. (सही)

सह्यांच्या खाली काही लिहू नये, असं कारकून म्हणतात. लिहिलं तर पुन्हा अंगठा लागेल. लागू दे, अंगठा इथेच आहे.

थोरल्या, आजपासून नवव्या दिवशी ये. मी नऊ गाठी मारल्या आहेत. या वेळी सुतळी भिंतीवरच्या खिळ्याला टांगली आहे आणि कात्री शिंप्याकडे दिली आहे.

नक्कल लेकीने स्वतः घेऊन जावी. जाण्याआधी तिने ती वाचावी. माझ्यावर रागवायचं असेल तर इथे रागवून जावं, त्याच्या दारात कोऱ्या मनाने उभं राहावं. बरोबर डबा न्यावा. इस्पितळातल्या थर्मासमध्ये मसुराचं घट्ट सूप, कांदा चांगला लाल परतलेला. पावाचे चार जाड तुकडे. उकडलेली अंडी दोन त्याला, दोन तिला, कारण ती वाटेत काही खाणार नाही. मीठ वेगळ्या पुडीत बांधावं, त्याला वरून लागतं. चमचा मात्र देऊ नये. त्याचा चमचा टेबलाच्या खणात आहे, तो घ्यायला ये म्हणावं.

अंगठा: दुसऱ्यांदा उमटवला.